हे तर सगळ्यांनाच येतंय की!

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सुचवला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मला त्यातलं सगळं कळत असणार असा त्यांचा समज. मी म्हटलं, मला सहावीतल्या एका धड्यावर बोलायचंय. पलीकडे क्षणभर शांतता. मग विचारलं, "कोणता धडा?" म्हटलं, "पूर्ण संख्या व त्यांचे गुणधर्म." त्यावर उत्तर आलं, "अगं, लोक जेवून बसलेले असतील!" तरीही त्यांनी मला वीस मिनिटं दिली, त्याबद्दल आभार. जेवण अंगावर येऊ नये म्हणून आधी थोडी गंमत करू.

आपल्यातले बहुतेक जण १९८० चे. खरी तारीख आईला ठाऊक. शाळेच्या दाखल्यावर मात्र निम्म्या वर्गाचा वाढदिवस जूनमध्येच येतो, ती प्रवेशाच्या वेळच्या गुरुजींची कृपा. म्हणजे यंदा, २०२५ मध्ये, आपण पंचेचाळीस वर्षांचे. आता पंचेचाळीसचा वर्ग करा. ४५ × ४५ = २०२५. आपल्या वयाचा वर्ग म्हणजे चालू साल! हा योग आपल्याआधी १८९२ साली जन्मलेल्यांना १९३६ मध्ये आला होता. यापुढे तो २०७० साली जन्मणाऱ्यांना २११६ मध्ये येईल. मधल्या कुणालाच नाही. तेव्हा वर्गात पहिला नंबर आला नसेल त्यांनीही आज स्वतःला भाग्यवान समजायला हरकत नाही.

पंचेचाळीसची आणखी एक खोड आहे. २०२५ चे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज केली की पुन्हा ४५. पंचावन्नचंही तसंच. त्याचा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ पंचावन्न. अशा संख्यांना जगभरातले गणिती 'कापरेकर संख्या' म्हणतात. इथे बसलेल्या शिक्षकांना हे नाव माहीत असेल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवलं. ते विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. पूर्ण संख्या हेच त्यांचं वेड.

आपलं दहावीचं साल घ्या, १९९६. यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, ९९६१. मग लहानाकडून मोठ्याकडे, १६९९. वजा करा, आले ८२६२. पुन्हा तेच करा. ८६२२ वजा २२६८, आले ६३५४. पुढे ६५४३ वजा ३४५६, आले ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हेच करून बघा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! तिथून पुढे हलतच नाही. तुमच्या गाडीचा नंबर घ्या, मोबाइलचे शेवटचे चार अंक घ्या. चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हा शोध लावायला वजाबाकीपलीकडे काही लागलं नव्हतं. लागला तो एक प्रश्न: असं परत परत केलं तर काय होईल? आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे पोरखेळ वाटायचे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि मग देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं.

कापरेकरांची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. असा, पोरखेळ वाटणारा एक प्रश्न आपल्या वर्गातही विचारला गेला होता. तो कोणी विचारला आणि त्याचं आपण काय केलं, हे सांगायला मी आज उभी आहे.

सहावीत होतो आपण. साल १९९१, पावसाळ्याचे दिवस. फळ्यावर लिहिलं होतं, अ + ब = ब + अ. पुढे नाव, क्रमनिरपेक्षता. त्याखाली (अ + ब) + क = अ + (ब + क), नाव साहचर्य. त्याखाली वितरण. सगळ्यांत वर, दोन पूर्ण संख्यांची बेरीज ही पूर्ण संख्याच असते, नाव संवृत गुणधर्म. आपण सगळे माना खाली घालून उतरवून घेत होतो. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, हे तर सगळ्यांनाच येतंय की. मग लिहायलोत कशाला?"

वर्ग हसला. मी सगळ्यांत मोठ्यांदा हसले. मी पहिल्या बाकावर होते आणि माझं उतरवून झालं होतं. सर म्हणाले, "परीक्षेला येतं म्हणून." ती खाली बसली. सरांना मी दोष देत नाही. साठ मुलांचा वर्ग आणि डोक्यावर घटक चाचणी. पण हसलो ते आपण. त्यानंतर दहावीपर्यंत मी तिला गणिताच्या तासाला तोंड उघडताना पाहिलं नाही. मार्चला तिचं गणित राहिलं, ऑक्टोबरला सुटलं. मला त्या गुणधर्मांच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. खरं सांगायचं तर तिचा प्रश्न मलाही पडला होता. मी तो विचारला नाही, कारण हुशार मुली असलं काही विचारत नाहीत असं मला वाटायचं.

हे मी तिला विचारून सांगते आहे. "नाव घेऊ नको, बाकी काय सांगायचं ते सांग," म्हणाली. तुम्ही ओळखलंच असेल.

काल रात्री मी तिच्याकडेच उतरले. नांदेडलाच तिचं किराणा दुकान आहे. आज सकाळी दोन तास मी तिच्या गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून होते. एक बाई चार जिनसा घेऊन आल्या. ३७, ४८, ६३ आणि ५२ रुपये. माझा हात मोबाइलकडे जायच्या आत ही म्हणाली, "सदतीस-त्रेसष्ट शंभर, अठ्ठेचाळीस-बावन्न शंभर. दोनशे द्या." मग एकाने पंचेचाळीस रुपये किलोचा तांदूळ मागितला, अठरा किलो. "अठरा पंचेचाळीस म्हणजे नऊ नव्वद. आठशे दहा." मग एका खानावळीचा पोरगा आला. अठ्ठ्याण्णव रुपयांचे पंचवीस पुडे. "शंभरानं अडीच हजार, त्यातून पन्नास गेले, चोवीसशे पन्नास."

मी बघतच राहिले. तिच्या लक्षात आलं. "काय बघायलीस?"

"तुझं गणित."

"हे कशाचं गणित गं? हा हिशोब आहे."

मैत्रिणींनो, या एका वाक्यात आपल्या शाळेतल्या गणिताचं सगळं दुखणं आलं. चार आकड्यांची जागा बदलून तिनं शंभराच्या जोड्या लावल्या, तिथे क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य दोन्ही वापरले. अठराचे नऊ दुणे करून तो दोन पंचेचाळीसला लावला, ते गुणाकाराचं साहचर्य. अठ्ठ्याण्णवच्या जागी शंभर वजा दोन घेतले, तो वितरण गुणधर्म. फळ्यावरचा पूर्ण धडा ती रोज दुकानात वापरते. तिला नावं माहीत नाहीत. मला नावं पाठ होती, पण अठरा पंचेचाळीससाठी मी मोबाइल शोधत होते. तरी जिचा विषय राहिला ती 'गणितात कच्ची' आणि मी 'पक्की'.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. सगळ्यांनाच येतं ते लिहून कशाला ठेवायचं? याचं उत्तर मला चौतीस वर्षांनी का होईना, द्यायचं आहे.

पहिली गोष्ट, हे वाटतं तितकं उघड नाही. चाळीस वेळा पंचवीस घेणं आणि पंचवीस वेळा चाळीस घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींचं उत्तर एकच का यावं? अर्धापूरकडची केळीची बाग डोळ्यांसमोर आणा. एका बांधावर उभं राहिलं की चाळीस ओळी दिसतात, दर ओळीत पंचवीस झाडं. आता वळसा घालून शेजारच्या बांधावर या. इथून पंचवीस ओळी दिसतात, दर ओळीत चाळीस झाडं. बाग तीच. एकही झाड हललं नाही, आपण फक्त बांध बदलला. गुणाकाराची क्रमनिरपेक्षता म्हणजे एवढंच, आणि त्याचं कारणही एवढंच. फळ्यावर ही बाग काढायला दोन मिनिटं लागली असती.

आणि क्रम बदलला तरी चालतं, असं जगात किती ठिकाणी असतं? आधी पाऊस मग पेरणी, आणि आधी पेरणी मग पाऊस, हे सारखंच का? आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, दुबार पेरणी म्हणजे काय ते तो सांगेल. आधी फोडणी मग भाजी, आणि आधी भाजी मग फोडणी, हेही एक नाही. क्रमाला महत्त्व असणं हीच जगाची रीत. बेरीज-गुणाकारात तो लागत नाही हे नवल आहे, आणि नवल असतं म्हणून त्याला नाव द्यावं लागतं.

याचं एक गमतीचं उदाहरण आपल्या सीमेवरच आहे. आपण म्हणतो 'बावन्न', म्हणजे आधी दोन, मग पन्नास. देगलूरच्या बाजारात तेलुगू बोलणारा म्हणतो 'याभै रेंडु', आधी पन्नास, मग दोन. उदगीरकडे कानडी बोलणाराही पन्नास आधी म्हणतो आणि दोन नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशा वाचनाचाही पर्याय दिला, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला आठवतं ना? विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जोडाक्षरांची ही नावं लहान मुलांना जड जातात, आणि कानांनी 'बा' आधी ऐकलं की मूल २५ लिहून मोकळं होतं. मला स्वतःला 'बावन्न', 'त्रेसष्ट' ही नावं प्रिय आहेत. माझ्या मैत्रिणीच्या तोंडी ती ऐकताना कान सुखावले. पण बाईंचा मुद्दा गणिताचा होता. बोलताना दोन अधिक पन्नास म्हणा की पन्नास अधिक दोन, संख्या तीच, कारण बेरजेला क्रम लागत नाही. लिहिताना मात्र ५२ आणि २५ एक नाहीत, कारण तिथे अंकाची किंमत जागेवरून ठरते. बोलण्यात क्रम चालतो तसा लिहिण्यात चालत नाही, हे सात वर्षांच्या मुलाला कोणीतरी सांगायला हवं ना? ते न सांगता आपण त्याला 'धांदरट' म्हणतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे गुणधर्म सगळीकडे चालत नाहीत, आणि कुठे चालत नाहीत ते कळायला ते आधी लिहिलेले असावे लागतात.

बेरीज-गुणाकार केले तर पूर्ण संख्यांच्या घरातून आपण बाहेर पडत नाही. वजाबाकीत पडतो. पाचातून तीन गेले तर दोन, पण तिनातून पाच? त्याला मैत्रिणीच्या दुकानातली उधारीची वही लागते. भागाकारातही पडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. मी अकरावी-बारावीला लातूरला मावशीकडे होते, त्यामुळे टीव्हीवर ती गाडी बघून डोळे भरून आले. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. केवढा मोठा आकडा! मी मावशीला फोन केला. माझी मावशी चौथी शिकलेली. ती म्हणाली, "माणशी तांब्याभर आलं गं." मी नंतर करून पाहिलं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३,८२,९४०. पाच लाखांना भागलं तर भागाकार एक, बाकी १,१७,०६०. माणशी एक लिटर, आणि उरलेलं कोणाला द्यायचं याचं भांडण. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली तेव्हा ते माणशी साडेसहा लिटरच्या आसपास गेलं. गुणाकारानं मी भारावून गेले होते, मावशीनं भागाकार केला होता. संख्या समजणं म्हणजे काय, ते मला त्या फोनवर कळलं.

आता माझ्या धंद्यातलं. संवृत गुणधर्म आठवा. दोन पूर्ण संख्यांची बेरीज ही पूर्ण संख्याच असते. ते वाक्य मी वहीत लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही एका मोठ्या दुकानसाखळीच्या दिवसभराच्या विक्रीची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. संगणकात दशांश चिन्हाचे आकडे बेरजेच्या क्रमानुसार शेवटच्या घरात किंचित बदलू शकतात, म्हणजे तिथे साहचर्यही पक्कं राहत नाही. म्हणून आम्ही शहाणपणानं सगळे पैसे रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण संख्येत ठेवले होते. तरी दिवाळीच्या आधीच्या एका रात्री विक्रीचा आकडा चढत चढत दोन कोटी चौदा लाखांच्या पुढे गेला, आणि पडद्यावर दिसलं उणे दोन कोटी चौदा लाख. दिवाळीच्या तोंडावर दुकानांनी माल विकून दोन कोटींचा खड्डा पाडला होता!

काय झालं होतं? जुन्या लुनाचं मीटर आठवा. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढच्या किलोमीटरला पुन्हा शून्य. मीटरला घरंच पाच. संगणकालाही संख्या ठेवायला घरं मोजून दिलेली असतात. बत्तीस घरं दिली, त्यांना आम्ही बिट म्हणतो, की सर्वांत मोठी संख्या बसते २,१४,७४,८३,६४७. त्यात एक मिळवला की तो शून्यावर नाही, थेट सर्वांत मोठ्या उणे संख्येवर जातो. पैशांत मोजलं तर ती मर्यादा दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार रुपयांच्या जवळ येते. म्हणजे कागदावरच्या पूर्ण संख्या बेरजेला संवृत आहेत, संगणकातल्या नाहीत. ती ओळ माझ्या हातची होती. रात्री तीनला चूक सापडली तेव्हा मला ऑफिस दिसत नव्हतं, सहावीतला फळा दिसत होता. पैकीच्या पैकी मार्क मिळालेलं वाक्य मी पंधराएक वर्षांनी पहिल्यांदा समजून वाचत होते.

या चुकीपायी कुणाचा जीव गेला नाही, सकाळपर्यंत दुरुस्त झाली. पण असली चूक महाग पडू शकते. ४ जून १९९६ रोजी, आपण इकडे दहावीच्या निकालाची वाट बघत होतो तेव्हा, युरोपचं एरियान-५ हे अगदी नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. मोठा आकडा सोळा बिटांच्या घरात कोंबायला गेले होते. तिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. आणि एक पुढची तारीख लिहून ठेवा. १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, आपल्या घड्याळानं. बऱ्याच जुन्या संगणकांत वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत, याच बत्तीस घरांत मोजतात. त्या क्षणाला ती घरं भरतात. दुरुस्तीचं काम जगभर चालू आहे, मीही त्यातलं थोडंफार केलं आहे. त्या वर्षी आपण अठ्ठावन्नचे असू. आपल्यातले जे राज्य सरकारच्या नोकरीत आहेत ते निवृत्त होतील, संगणकांनाही तेव्हाच निवृत्त करावं लागेल.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं हे माझं उत्तर. सगळ्यांना येतं तेही लिहून ठेवायचं, म्हणजे जिथे ते लागू पडत नाही तिथे आपल्याला खटकतं. 'अ अधिक ब' किती ते सांगणं हा त्या धड्याचा विषयच नव्हता. कशावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा आणि कुठे डोळे उघडे ठेवायचे, याची ती यादी होती. ते तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते कळायचा रस्ता तुझ्या प्रश्नातून जात होता. तू विचारलंस आणि आम्ही हसलो.

आता शेवटचं. आपली मुलं-भाचरं आज लातूरला, नांदेडला क्लासेसमध्ये आहेत. मी स्वतः लातूर पॅटर्नमधून गेले आहे आणि त्याला नावं ठेवणार नाही. पुन्हा पुन्हा सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, वेळेची शिस्त, यांमुळे गावाकडच्या कितीतरी मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होता आलं, मलाही होता आलं. पण माझा भाचा तिथे अकरावीत आहे. गेल्या महिन्यात मी त्याला विचारलं, "कुठल्याही संख्येला शून्यानं का भागत नाहीत?" तो म्हणाला, "मावशी, तसा प्रश्न येत नाही." चौतीस वर्षांपूर्वीचंच उत्तर, फक्त आता ते मुलानंच दिलं, सरांना द्यावंही लागलं नाही. मग आम्ही दोघं बसलो. बाराला तीननं भागणं म्हणजे बारातून तीन किती वेळा काढता येतात ते बघणं. चार वेळा. आता बारातून शून्य काढत बसा. हजार वेळा काढलं तरी बारा तसेच. उत्तर मोठं आहे असं नव्हे, उत्तरच नाही. पोराचे डोळे चमकले. दहा मिनिटं गेली त्यात. क्लासला ती दहा मिनिटं नसतात हे मी समजू शकते. घरात ती आपल्याकडे आहेत.

म्हणून पालक म्हणून एवढंच मागणं आहे. मुलानं 'हे तर सगळ्यांनाच येतंय, मग कशाला?' असं विचारलं तर हसू नका आणि 'परीक्षेला येतं म्हणून' असं सांगू नका. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि दोघं मिळून शोधा. त्याला घेऊन जवळच्या किराणा दुकानात जा आणि दुकानदार मनातल्या मनात बेरीज कशी करतो ते बघायला लावा. आमच्या मैत्रिणीच्या दुकानात आलात तर उत्तमच, पण काहीतरी विकत घ्या, नुसते उभे राहू नका.

आणि मैत्रिणी, त्या दिवशी हसल्याबद्दल मी तुझी माफी मागते. काल रात्री मागितली होती, पण हसलो होतो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर.

काल मी तिला विक्रीच्या आकड्याची ती गोष्ट सांगितली तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "आमच्या कॅल्क्युलेटरमध्ये बी असंच होतंय का?" चौतीस वर्षांनी तिनं मला गणिताचा प्रश्न विचारला होता. आम्ही गल्ल्यातला कॅल्क्युलेटर काढला आणि सगळे नऊ भरून गुणाकार केला. पडद्यावर चुकीची खूण म्हणून इंग्रजी 'ई' आला. ती म्हणाली, "हे बरंय. मावंना की मावंना म्हणून सांगतंय तरी. तुमचं यंत्र तर खोटं बोललं."

पंचवीस वर्षं या धंद्यात काढून मी जे शिकले ते तिनं एका वाक्यात सांगितलं. चूक होणारच. ती झाली की यंत्रानं थांबून तसं सांगावं, गप्प बसून भलतं उत्तर देऊ नये. उद्यापासून माझ्या हाताखालच्या नव्या मुलांना मी हेच वाक्य सांगणार आहे, आणि ते कोणाचं आहे तेही.

घरी जाताना चार अंकी संख्या घेऊन ६१७४ पर्यंत पोचायला विसरू नका. वजाबाकी चुकली तर पोचणार नाही, मग पुन्हा करा.